शिवणाची खोली

भाचीने न्यू जर्सीहून फोटो पाठवले आहेत. घराच्या तळघरात तिने शिवणासाठी वेगळी खोली केली आहे. भिंतीभर फळ्या, त्यांवर रंगाप्रमाणे लावून ठेवलेले कापड, मधोमध उभ्याने कापता येईल असे उंच टेबल आणि खिडकीशी मशीन. नाताळच्या सुट्टीत दोन गोधड्या पुऱ्या करायच्या असा तिचा बेत आहे. (ती त्यांना क्विल्ट म्हणते. मी गोधडीच म्हणणार.) फोटोंखाली तिने विचारले आहे, "मावशी, आपल्याकडे पूर्वी शिवणाची खोली असायची का गं?"

एका शब्दात उत्तर द्यायचे तर 'नाही'. पण चौतीस वर्षे इतिहास आणि मराठी शिकवलेल्या बाईकडून एका शब्दात उत्तर मिळत नसते, हे तिला आता ठाऊक असायला हवे. शिवाय सध्या माझ्याही घरात एका खोलीवरून चर्चा (!) चालू आहे, त्यामुळे विषय डोक्यात घोळतच होता. नातेवाईक मंडळींनी जरा धीर धरावा. खोलीचे सांगते, पण आधी थोडा इतिहास.

पहिल्यांदा नावाचे. माझी आई साताऱ्याकडची. ती गोधडीला वाकळ म्हणायची. बेळगाव-धारवाडकडे कौदी म्हणतात. इथे नायगावात सासरी आले तेव्हा सासूबाई गोधडी म्हणत, आणि माझ्या तोंडून वाकळ शब्द आला की जावा हसत. (आमचे नायगाव म्हणजे वसईच्या अलीकडचे, खाडीकाठचे. सावित्रीबाईंचे नायगाव सातारा जिल्ह्यात, आणि बीडीडी चाळींचे नायगाव दादरला. ओळख करून देताना हे मला जन्मभर सांगावे लागले आहे.) मोल्सवर्थच्या कोशात गोधडी आहे आणि वाकळही आहे. म्हणजे १८३१ साली साहेबाने शब्द गोळा केले तेव्हाही दोन्ही घराघरांत होत्या. संन्याशाची ती कंथा. गाडगेबाबांना लोक गोधडे महाराज म्हणत ते अंगावरच्या चिंध्यांमुळे. गोधडी ही नेहमी गरिबाची किंवा विरक्ताची. दरबाराच्या कागदपत्रांत तिला शोधायला जाल तर हात हलवत परत याल.

आता शिवणाची खोली. तिचा माग काढत मागे गेले, तर ती सापडली थेट बौद्ध भिक्षूंकडे!

आमच्या नायगावहून विरारच्या गाडीने दुसरे स्टेशन नालासोपारा. तिथला स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. त्यात दगडी पेटी निघाली, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडे, आणि सर्वांत आतल्या करंड्यात मातीच्या भांड्याचे इवलेसे तुकडे. सहावी-सातवीच्या मुलांना मी दर वर्षी स्तूप दाखवायला नेत असे. पण तिथे राहणारे भिक्षू नेसत काय, हा प्रश्न तेव्हा एकाही मुलाने विचारला नाही. ते चीवर वापरत. चीवर म्हणजे तुकडे जोडून शिवलेले वस्त्र. टाकून दिलेल्या, कचऱ्यात पडलेल्या चिंध्या धुऊन, जोडून केलेल्या चीवराला तर विशेष मान होता. विनयपिटकात गोष्ट आहे. बुद्धांनी मगधातली बांध घातलेली शेते पाहिली आणि आनंदाला विचारले, भिक्षूंसाठी असे चीवर तुला बेतता येईल का? आनंदाने वाफ्यांसारखे तुकडे आणि बांधांसारख्या शिवणी करून ते बेतले. आमच्या गोधडीवरची ठिगळेही लांबून शेतासारखीच दिसतात, नाही का?

त्याच विनयपिटकातल्या चुल्लवग्गात शिवणकामाचा असा बारीकसारीक मजकूर आहे की वाचताना सासूबाईच बोलत आहेत असे वाटावे. सुई बोटात घुसते, म्हणून अंगुस्तान वापरायला परवानगी दिली. मग कुणी हौशी भिक्षूंनी सोन्यारुप्याची अंगुस्ताने करून घेतली, तेव्हा ती बंद केली. सुया गंजतात, म्हणून सुया ठेवायची नळी आली. नळीतही गंजतात, म्हणून तिच्यात पीठ भरायला सांगितले. कापड ताणून धरायला चौकट लागते, तिचे नाव कठिन. आणि उघड्यावर बसून शिवताना ऊन-थंडी बाधते अशी तक्रार आली, तेव्हा बुद्धांनी कठिनशालेची परवानगी दिली. कठिनशाला म्हणजे शिवणाची खोलीच की हो! दोन हजार वर्षांहून जुनी. पावसाळ्याचा वर्षावास संपला की मिळालेल्या कापडाचे चीवर त्याच दिवशी, सगळ्यांनी मिळून, कापून शिवून रंगवून पुरे करायचे हा नेम. भाचीच्या सुट्टीतल्या गोधड्यांची ही पणजी समजायला हरकत नाही.

सुयांना पीठ लावण्याचे वाचून मला फार बरे वाटले. नायगावची हवा खारी. एका बाजूला खाडी, आजूबाजूला मिठागरे. पेटीतली सुई पंधरा दिवसांत तांबूस होते. सासूबाई लोकरीच्या तुकड्याला खोबरेल लावून त्यात सुया टोचून ठेवत. सोपाऱ्याच्या भिक्षूंनाही ही खारी हवा भोगावी लागली असणार.

पण ही खोली पुरुषांची झाली. पुढेही शिवण हे 'काम' म्हणून जिथे जिथे दिसते तिथे पुरुषच दिसतात. आपले नामदेव महाराज शिंपी. गावगाड्यातल्या अलुतेदारांत शिंपी. शिवकाळातल्या अठरा कारखान्यांत कापडचोपड आणि पोशाखांचा जामदारखाना होता, तंबू-बिछायतींचा फरासखाना होता. घरच्या बाईच्या वाट्याला शिवायला होतेच काय? लुगडे न शिवलेले, धोतर न शिवलेले, पागोटे न शिवलेले. राहता राहिली चोळी, बाळाची कुंची, झबले, दुपटे आणि गोधडी. त्याला कोण खोली देतो?

पोर्तुगीज वसईत होते १५३४ ते १७३९, म्हणजे दोनशे पाच वर्षे. त्या काळी खंबायतच्या आणि बंगालच्या गोधड्यांची युरोपात मोठी चलती होती. खंबायतच्या गोधड्यांची तारीफ दुआर्ते बार्बोझाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच करून ठेवली आहे. पोर्तुगीज तिला 'कोल्चा' म्हणत. बंगालच्या कोल्चांवर पिवळसर रेशमाने शिकारी, गलबते, राजे-राण्या भरलेल्या असत. आज त्या लिस्बनच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. वसईच्या किल्ल्यातल्या बड्या लोकांच्या पलंगांवरही अशा असणार. किल्ल्याबाहेरच्या आमच्या बायकांपर्यंत त्या आल्या नसाव्यात, पण शब्द आले. काज हा शब्द पोर्तुगीज 'काझा'वरून आला, म्हणजे घर. बटणाचे घर! फीतही त्यांचीच, आणि इस्त्रीही त्यांचीच म्हणतात. ज्या बाईने आयुष्यात पोर्तुगीज माणूस पाहिला नाही, तीही 'काज जरा मोठे झाले बाई' म्हणते.

मग आले मशीन.

आयझॅक सिंगरचे पेटंट १८५१ चे. हिंदुस्थानात त्याची मशीने घरोघर नेली ती मुख्यतः नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी. हप्त्याने विक्री हा त्यातला मंत्र. एकरकमी एवढे पैसे ना शिंप्याकडे होते ना घरच्या बाईकडे. गांधीजींचा यंत्रांना विरोध, पण शिवणाचे यंत्र त्यांनी त्यातून वगळले होते. १९२४ साली 'यंग इंडिया'त त्यांचे संभाषण छापून आले. बायकोला हाताने टाके घालत शिणताना पाहून सिंगरने प्रेमापोटी यंत्र शोधले, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. महात्म्याला कुणी सांगितले नसावे, की या सिंगरसाहेबांचे न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी तीन-चार संसार चालू होते आणि मुले दीड-दोन डझन! नेमक्या कुठल्या बायकोचा शीण त्यांना पाहवला नाही ते कळायला मार्ग नाही. असो. गांधीजींच्या मनातली बायको मात्र खरी होती. ती घराघरांत होती.

आपल्याकडे 'सेवासदन'सारख्या संस्थांनी शिवणाचा अर्थ बदलला. पुण्याचे सेवासदन रमाबाई रानड्यांनी १९०९ साली उभे केले. तिथे विधवा आणि परित्यक्ता बायका शिकत त्यात शिवणही होते. गोधडी शिवून बाई घरच्यांची थंडी भागवत होती. मशीनवर झबली-परकर शिवून ती चार पैसे मिळवू लागली. माझ्या मते हा फार मोठा फरक आहे, आणि पाठ्यपुस्तकांत त्याला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत. पुढे १९३६ साली कलकत्त्यात पहिले देशी मशीन निघाले, ते 'उषा'. काढणाऱ्याने आपल्या मुलीचे नाव दिले. स्वातंत्र्यानंतर उषा मशीन लग्नात देऊ लागले. झारापकरांचे कटिंगचे पुस्तक तर कित्येक घरांत पोथीसारखे जपलेले असे. आमच्या घरी त्याला वर्तमानपत्राचे कव्हर होते आणि आतल्या पानांवर खडूची बोटे.

आता आमच्या घराकडे येते.

माझे माहेर परळच्या चाळीत. दहा बाय बाराची खोली आणि बाहेर सामाईक गॅलरी. वडील गिरणीत साच्यावर. १९५९ साली, मी आठ वर्षांची असताना, आईने जुने सिंगर मशीन हप्त्याने घेतले. ते खिडकीखाली बसले आणि घरातल्या सगळ्यांच्या हालचाली बदलल्या. मशीन उघडे असले की आई काम करणार. झाकले की त्या झाकणावर आम्ही अभ्यास करणार, त्यावरच पोळपाट येणार, गणपतीत त्यावरच चादर घालून मखर. आईची शिवणाची खोली म्हणजे ते अडीच फूट. तेही तासावर भाड्याने घेतल्यासारखे.

ते तासही गिरणी ठरवत असे, हे मला फार उशिरा उमगले. वडिलांची पहिली पाळी असली, सात ते साडेतीन, की आईचे मशीन अकरापासून तीनपर्यंत चाले. दुसऱ्या पाळीला संध्याकाळी. पण रात्रपाळी आली की वडील सकाळी सातला घरी येऊन दुपारपर्यंत झोपत. दहा बाय बाराच्या खोलीत झोपलेला माणूस आणि चालते मशीन एकत्र नांदू शकत नाहीत. मग रात्रपाळीच्या दिवसांत मशीनवर झाकण, आणि आई गॅलरीत वाकळ घेऊन बसायची. सुईला आवाज नसतो! आमच्या घरातल्या साऱ्या वाकळा वडिलांच्या रात्रपाळीत शिवलेल्या आहेत. चाळीतल्या आणखी चार जणी येऊन बसत. एक या टोकाला, एक त्या टोकाला. गॅलरीतून ये-जा करणारे पुरुष कडेकडेने, कापडावर पाय न पडू देता जात. माझ्या आठवणीत बायका बसल्या आहेत आणि पुरुष वाट काढत आहेत असे हे एकच दृश्य आहे.

कामाची रीत सांगून ठेवते. नव्या पिढीला उपयोगी पडेल. नऊवारी लुगडे सत्तावीस फूट. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येकी पावणेसात फूट, पन्हा सव्वा वार. एक तुकडा खाली, एक वर, की एका माणसाची वाकळ. म्हणजे एका लुगड्यात दोन वाकळांची पाठ-पोट निघतात. मध्ये जुनी धोतरे, चादरी, विरलेले सदरे, जे असेल ते. पण सुतीच. चारी कोपऱ्यांवर वजनाला पाटा, वरवंटा, डबे ठेवायचे. सुरकुती हाताने मध्यातून बाहेर सारायची. मोठे कच्चे टाके घालून थर पक्के करायचे. मग कडेने धावदोरा धरायचा आणि चौकोनात चौकोन असे आत आत येत मध्यावर संपवायचे. दोन ओळींत अंगठ्याएवढे अंतर. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंडी शिवतात, त्याही अशाच कडेने सुरुवात करून आत येतात आणि कोपऱ्यांना तिकोनी फुले लावतात. आफ्रिकेतून आलेल्या त्यांच्या पूर्वजांची आठवण त्यात शोधणारे अभ्यासकही आहेत. अमेरिकेत अलाबामात 'जीज बेंड' म्हणून एक गाव आहे. तिथल्या गुलामांच्या वंशातल्या बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या संग्रहालयात लावल्या आणि २००६ साली त्यांची टपाल तिकिटे निघाली. भाचीला मी हे सांगितले तर ती म्हणाली, मी पाहून आले आहे. आपल्या वाकळीचे तिकीट निघाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

सहावारी अठरा फूट. तिचे सहा सहा फुटांचे तीन तुकडे होतात, आणि एक नेहमी एकटा उरतो. नऊवारी गेली आणि सहावारी आली तेव्हा हिशेबच बिघडला, असे आई म्हणायची. तिचे म्हणणे मी तेव्हा हसण्यावारी नेत असे. पण खरा हिशेब बिघडवला तो पॉलिएस्टरने. टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉन. ही कापडे फाटत नाहीत, म्हणजे गोधडीसाठी मोकळीच होत नाहीत. झाली तरी थर एकमेकांवरून घसरतात, घाम शोषत नाहीत. गोधडीला लागते पंचवीस वेळा धुऊन मऊ झालेले सूत. ते कापड ज्या गिरण्यांत होत असे त्याच बंद पडल्या.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. माझे लग्न १९७४ ला होऊन मी नायगावला आले होते आणि इथल्या शाळेत नोकरीला होते. सुट्टीच्या दिवशी तांदूळ, भाजी घेऊन परळला जायची. जिन्यातच मशीनचा आवाज ऐकू येई. सकाळी, भर दुपारी, रात्री दहालाही. वडील खोलीतच असत, भिंतीला टेकून बसलेले. पाळ्याच संपल्या होत्या. आता मशीन कधीही चालवायला मोकळीक होती. आई परकर शिवत असे, डझनावर. वडील हळूहळू काज-बटण करायला शिकले. ज्या हातांनी साचे चालवले ते हात बटणे लावताना बघवत नसत, पण ते काम नेटके करत. त्यांची बटणे निघाल्याची तक्रार कधी आली नाही.

आईने १९८२ नंतर एकही वाकळ शिवली नाही. परकराचे दर डझनाला पैसे येत होते, वाकळीचे येत नव्हते. आणि रात्रपाळी उरली नव्हती.

इकडे नायगावात सासरी वेगळी तऱ्हा. घर मोठे, ओटी, मागे पडवी, विहीर. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या शाळा बंद, माझी शाळा बंद, आणि मृगाच्या आत गोधड्या झाल्याच पाहिजेत असा सासूबाईंचा दंडक. पावसाळ्यात खाडीकाठची ओल अंगात शिरते, त्या आधी एक जास्तीची गोधडी प्रत्येकाला हवी. दुपारची जेवणे उरकली की ओटी झाडून गोधडी अंथरायची, चार वाजता पुरुष चहाला यायच्या आत गुंडाळायची. जागा होती, पण ती उधारीची. पाहुणे आले की गोधडी आधी उचलली जायची, मग पाहुण्यांना पाणी. दसऱ्याआधी साऱ्या गोधड्या विहिरीवर धुवायच्या. भिजलेली गोधडी दोघींनी पिळायची असते. जिच्याशी महिनाभर बोलणे नसे त्या जावेशीही त्या दिवशी बोलावे लागे, नाहीतर पीळ पडणार कसा? बरीच भांडणे अशी मिटली.

ते घर राहिले नाही. १९९० नंतर वसई-विरारचा कायापालट झाला, वाड्या जाऊन इमारती आल्या. आमच्या वाटणीला दोन बेडरूमचा फ्लॅट आला. तुम्ही वसईकर असाल तर पुढचे तुम्हाला सांगायला नको. मिठागरांच्या बाजूला आता मजल्यांवर मजले दिसतात. आमच्या इमारतीत तिघीजणी घरी ब्लाऊज, ड्रेस शिवून देतात. तिघींचीही मशीने पलंग आणि कपाट यांच्या मधल्या फटीत आहेत. पाय हलवता यावा म्हणून एकीने पलंगाच्या कडेची फळी कापून घेतली आहे. गॅलरीतले अडीच फूट १९५९ चे आणि हे अडीच फूट आजचे. घरे वाढली, बाईचे अडीच फूट तेवढेच राहिले, असे मला वाटते. कुणाला वेगळा अनुभव असेल तर जरूर कळवा. मला वाचायला आवडेल.

आता ती खोली.

आमच्या घरातली लहान खोली, आठ बाय दहा, ह्यांची. २०२२ साली हे गेले. शेवटची तीन वर्षे आजारपणात त्याच खोलीत होते. त्यांचा पलंग, रेडिओ, पुस्तके आणि औषधांची फळी अजून तशीच आहे. औषधे तेवढी काढली. मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, आई, तिथे रात्रीची सोबत म्हणून कुणा नोकरी करणाऱ्या मुलीला ठेव. त्याला काळजी आहे, ते मला कळते. सुनेचे मत, पाहुण्यांसाठी खोली हवीच. नणंदबाई म्हणतात पलंग हलवू नकोस, दादाची खोली आहे, फोटो तिथेच लाव आणि संध्याकाळी दिवा लाव. तिघांचेही बोलणे मायेचे. मी म्हटले, मला तिथे शिवायचे आहे. तिघेही गप्प झाले. पंचाहत्तरीत हिला शिवणासाठी खोली कशाला, असे कुणी बोलले नाही, पण मी चौतीस वर्षे वर्गासमोर उभी राहिले आहे. न बोललेले मला ऐकू येते.

नणंदबाईंशी माझे खरे मतभेद सदऱ्यांवरून आहेत. ह्यांचे नऊ सुती सदरे कपाटात आहेत. दोन पांढरे, बाकीचे बारीक चौकडीचे. मला ते गोधडीत घालायचे आहेत. त्या म्हणतात, गेलेल्या माणसाचे कपडे दान करावेत, अंगाखाली घेऊ नयेत. मी त्यांना त्यांच्याच आईची गोधडी काढून दाखवली. वरचे लुगडे सासूबाईंच्या सासूचे. १९७१ साली त्या गेल्या, त्यानंतर शिवलेली. एका कोपऱ्याला टाका उसवला आहे, तिथून आतले धोतर दिसते. ते मामंजींच्या वडिलांचे, असे सासूबाई सांगत. दोघेही गेलेले, आणि नणंदबाई लहानपणी त्याच गोधडीत झोपल्या आहेत. जिवंत माणसांच्या कपड्यांची गोधडी होतच नसे हो! जिवंत माणूस कपडा फाटेपर्यंत वापरायचा. दान द्यायला आधी कपडा उरायला हवा.

त्यांनी ती गोधडी मांडीवर घेतली, उसवलेल्या जागी बोट घातले आणि म्हणाल्या, "हे आधी शिवून टाक." सदऱ्यांबद्दल हो म्हणाल्या नाहीत, पण पुन्हा नाहीही म्हणाल्या नाहीत.

गेल्या रविवारी शेजारच्या मुलांकडून पलंग सोडवून घेतला. तो मुलगा पुण्याला नेतो आहे. रेडिओ आणि पुस्तके राहतील. आईचे सिंगर भावाकडे होते, त्याने ते मागच्या महिन्यात टेम्पोतून आणून दिले. पट्टा नवा घातला, तेलपाणी केले, चालते आहे. ते खिडकीशी बसवले. भाचीसारखे उंच टेबल मात्र घेतलेले नाही. गोधडीला टेबल नाही, जमीन लागते, आणि खाली बसायला गुडघे अजून तयार आहेत, अर्ध्या तासाच्या बोलीवर.

काल लादी पुसून मोजून पाहिली. मशीन सोडून साडेसात बाय आठ फूट मोकळी जागा आहे. वाकळ पावणेसात बाय पावणेचार. चारी बाजूंनी फिरायला जागा उरते, आणि संध्याकाळी चारला गुंडाळायची गरज नाही. खालच्या तुकड्यासाठी आईचे एक हिरवे लुगडे काढून ठेवले आहे. पापडीच्या बाजारातून पांढरा जाड दोरा आणला. पावसाला अजून सात आठवडे आहेत. नणंदबाई शनिवारी येणार आहेत, दुसऱ्या टोकाला बसायला कुणीतरी हवेच.